हनोख झिराडकरचा कद्दीश

दुबईत रास अल खोरच्या वर्कशॉपमध्ये हनोख झिराडकरला हनोख म्हणणारं कुणी नव्हतं. मलबारी त्याला नुसतं 'झिराड' म्हणत. ड्रायव्हर हमदुल्ला 'झिराड भाई' म्हणे. रत्नागिरीकडचा किसन त्याच्या हाताखाली एसीचं काम शिकला होता, तो 'काका' म्हणे. पासपोर्टावर नाव होतं एनॉक. ते वाचून सगळ्यांनी त्याला ख्रिश्चन ठरवून टाकलं होतं. हनोखनं त्याला कधी होकार दिला नाही आणि नकारही दिला नाही. नाताळात कुणी हात पुढे केला की 'सेम टू यू' म्हणायचा आणि टूलबॅग उचलायचा.

तो बेने इस्रायल होता, म्हणजे कोकणातला मराठी बोलणारा ज्यू. अलिबागला जन्म, अलिबागलाच लग्न. तिशीच्या आत मुंबईच्या एका एजंटामार्फत दुबईला आला. मुलाखत झाल्यावर एजंटानं त्याला बाजूला घेतलं होतं. "तिकडे जाऊन यहुदी-बिहुदी बोलायचं नाही. कुणी विचारलं तर ख्रिश्चन. नाव चालून जाईल."

हनोखनं ते ऐकलं. पहिली काही वर्षं त्याला खरोखरच धाकधूक वाटायची. खोलीत कुणी बातम्या लावल्या की तो चहाला बाहेर पडायचा. पुढे भीती गेली, पण सवय राहिली. पंचवीसएक वर्षांत ती सवय इतकी अंगवळणी पडली की आपण काही लपवतो आहोत हेसुद्धा तो विसरून जाई. किसनला मात्र एक कोडं सुटत नसे. कोकणातला माणूस आणि कोळंबी खात नाही?

"अॅलर्जी आहे रे," हनोख सांगायचा; ज्यूंना कोळंबी वर्ज्य असते हे बोलायचा नाही. मेसच्या स्वयंपाक्यालाही हे पाठ झालं होतं. कोळंबीच्या दिवशी तो न विचारता हनोखसाठी वेगळी डाळ ठेवायचा.

बायको मोझेल अलिबागलाच राहिली. सुरुवातीला फॅमिली व्हिसाएवढा पगार नव्हता, आणि पगार वाढला तोवर मुलगी शेरली शाळेत रुळली होती. मग सासूबाईंचं आजारपण. मग शेरलीचं लग्न. वर्षातून एकदा महिनाभर घरी जायचं आणि उरलेले दिवस फोनवर संसार करायचा, असं त्यांचं आयुष्य गेलं. शेरली नवऱ्याबरोबर इस्रायलला, अश्दोदला गेली. तिला दोन मुलं झाली. मोझेल म्हणायची, "अहो, आता पुरे झालं. या परत. दोघं मिळून पोरीकडे जाऊन येऊ."

"हे एक कॉन्ट्रॅक्ट होऊ दे," हनोख म्हणायचा.

मोझेल गेली तेव्हा तो मोहम्मद बिन झायद सिटीत एका व्हिलाच्या गच्चीवर आउटडोअर युनिट उघडून बसला होता. शेजारच्या आशाताईंचा फोन आला. सकाळी चहा ठेवता ठेवता छातीत कळ आली आणि रिक्षा येईपर्यंत सगळं संपलं होतं. ज्यू लोकांत माती लगेच देतात, शक्यतो त्याच दिवशी. हनोखला दुसऱ्या दिवशीचं तिकीट मिळालं. तो अलिबागला पोचला तेव्हा कबरीवरची माती वाळून पांढुरकी झाली होती.

आणखी एक गोष्ट राहून गेली. त्यांच्यात मेलेल्या माणसासाठी कद्दीश म्हणतात. त्या प्रार्थनेत मरणाचा शब्दसुद्धा नाही, सगळी देवाची स्तुतीच आहे. पण ती एकट्यानं म्हणता येत नाही. दहा ज्यू पुरुष जमले तरच म्हणायची. हनोख लहान असताना अलिबागच्या सिनेगॉगमध्ये दहा काय, बाकं अपुरी पडत. आता आळीतली बहुतेक घरं इस्रायलला गेलेली, आणि मागे राहिलेल्यांतले निम्मे अंथरुणाला खिळलेले. हनोख होता त्या दिवसांत दहा काही जमले नाहीत. रेवदंड्याहून एक गृहस्थ यायचे होते, त्यांना ताप भरला. तिकडे अश्दोदला जावयानं कद्दीश म्हटला, शेरलीनं तसं कळवलं. हनोखला बरं वाटलं, पण ते बरं वाटणं वरवरचं होतं. नवरा म्हणून त्यानं स्वतः म्हटला नव्हता.

घरी तातडीचं काम आहे एवढंच सांगून तो गेला होता; सुट्टी संपवून परत आला. विमानतळावर हमदुल्ला व्हॅन घेऊन आला होता. "घर में सब ख़ैरियत?"

"सब ठीक," हनोख म्हणाला.

हे का म्हणालो, याचा त्यानं नंतर पुष्कळ विचार केला. बायको गेली म्हणून सांगितलं असतं तर किसन मेणबत्ती घेऊन आला असता. केरळच्या मंडळींनी त्यांच्या चर्चमध्ये प्रार्थना ठेवली असती, त्याला पुढच्या बाकावर बसवलं असतं. एक खोटं होतं ते होतं, पण त्याच्यावर मोझेलचं मरण नेऊन ठेवणं त्याला जमेना. आज सांगू, उद्या सांगू करता करता दिवस गेले, आणि मग सांगायची वेळच निघून गेली.

हमदुल्ला स्वातकडचा पठाण. अठरा वर्षं दोघं एकाच व्हॅनमध्ये फिरत होते आणि जबल अलीच्या कंपनीच्या इमारतीत एकाच खोलीत झोपत होते. हमदुल्लाला मराठी येत नसे. हनोख रोज संध्याकाळी फोनवर बोलताना दिसे. पलीकडे पूर्वी मोझेल असायची आणि आता फक्त शेरली असते, हे त्याला कसं कळावं? दर शुक्रवारी नमाजाहून आला की तो विचारायचा, "भाभी कैसी है?"

"ठीक है."

दोन वर्षं हे असं चाललं.

त्या जानेवारीत एका सकाळी ऑफिसातून फोन आला. जुमेरात एका व्हिलात छोटं स्मारक आहे, तिथे छतातून पाणी गळतंय, लगेच जा. पत्ता शोधत दोघं पोचले. बाहेरून साधंच घर. आत गेल्यावर दारातल्या पाटीपाशी हनोखचे पाय थबकले. अरबी, इंग्रजी आणि हिब्रू अशा तीन लिप्या होत्या. दुसऱ्या महायुद्धात युरोपात मारल्या गेलेल्या ज्यूंचं ते स्मारक होतं, सगळ्यांना खुलं. तेल अवीवची विमानं दुबईला उतरू लागल्याला दोन वर्षं झाली होती. मॉलमध्ये हिब्रू कानावर पडे तेव्हा हनोख मान खाली घालून पुढे जाई. पण अशी जागा या गावात असेल, आणि आपण तिथे शिडी घेऊन शिरू, हे त्याच्या मनात आलं नव्हतं.

व्यवस्था बघणारी सुमैय्या नावाची हैदराबादी मुलगी काळजीत होती. "उद्या दुपारी त्यांच्या स्मृतिदिनाचा कार्यक्रम आहे. बाहेरून पाहुणे येणार आहेत. आणि पाणी नेमकं दगडावर पडतंय, बघा."

लांबट दालन होतं. टोकाला एक काळा, न घडवलेला दगड उभा केला होता आणि त्याच्यापुढे एक दिवा. दगडावर पाण्याचे ओघळ उतरले होते. दोन्ही भिंतींवर फोटो होते. सुरुवातीचे अगदी घरगुती. अंगणात वाळत घातलेले कपडे, सायकलला टेकून उभा असलेला माणूस, वर्गातली मुलं. एका फोटोत समुद्रकिनाऱ्यावरचं जोडपं होतं. वाऱ्यानं उडणारी हॅट बाईनं एका हातानं दाबून धरली होती आणि ती नवऱ्याकडे बघून हसत होती. पुढे पुढे फोटोंमधली माणसं वाळत जात होती. शेवटच्या भिंतीवर फक्त मुलांचे चेहरे होते.

हनोख शिडीवर चढला. एसीच्या ड्रेन ट्रेमध्ये शेवाळ साठून पाइप तुंबला होता, नेहमीचंच काम. खाली हमदुल्ला बादली धरून उभा होता आणि भिंतीवरचं अरबी अक्षर अक्षर लावून वाचत होता.

"ये सब यहूदी थे, झिराड भाई?"

"हाँ."

"सब को मार डाला?"

"साठ लाख."

"बच्चे भी?"

"बच्चे भी."

हमदुल्ला बराच वेळ मुलांच्या भिंतीपुढे उभा राहिला. मग कुणी वारल्याची बातमी आली की तो जी अरबी दुआ पुटपुटे, ती पुटपुटला. हनोखनं ते शिडीवरून ऐकलं. हातातला पाइप त्यानं उगीचच पुन्हा एकदा पुसला.

त्याला वडील आठवले. एकदा पेपरातलं काहीतरी वाचून वडिलांनी त्याला जवळ बसवून हे सगळं सांगितलं होतं, आणि शेवटी म्हणाले होते, "आपल्याला इथे कधी कुणी बोट लावलं नाही. हे विसरायचं नाही." म्हणून हे फोटोतले लोक आपले म्हणावेत का, हे हनोखला कधीच नीट ठरवता आलं नव्हतं. त्यांच्यावर जे गुदरलं ते आपल्या वाट्याला आलं नाही. त्यांच्या दुःखावर आपण हक्क सांगायचा तर कोणत्या तोंडानं?

पाणी थांबलं. पण पाइपाचा उतारच चुकीचा होता, छत उघडल्याशिवाय पक्कं काम होणार नव्हतं. सुमैय्या म्हणाली, "उद्या कार्यक्रमापुरतं इथे थांबाल का प्लीज? मधेच गळायला लागलं तर माझी पंचाईत होईल."

दुसऱ्या दिवशी पहाटेपासून धुकं पडलं होतं. जानेवारीत इथे पडतं तसलं, समोरच्या गाडीचा दिवासुद्धा न दिसणारं. दुपार झाली तरी अबू धाबीच्या बाजूला ते हटलं नव्हतं. तिकडे गाड्या एकमेकींवर आदळून रस्ता बंद झाल्याचं हमदुल्लानं रेडिओवर ऐकलं.

दालनात खुर्च्या मांडल्या होत्या. काही गोरे, काही अरब, एक-दोन वकिलातीतले. पहिल्या रांगेत काठी घेतलेली एक खूप म्हातारी बाई बसली होती. ती बुडापेस्टहून आली होती, असं सुमैय्यानं सांगितलं. हनोख आणि हमदुल्ला मागच्या भिंतीशी, एसीच्या पॅनलजवळ, मिटलेल्या शिडीशेजारी उभे होते. भाषणं झाली. दिवा लावला. मग एक दाढीवाला तरुण पुढे आला, प्रार्थना तोच सांगणार होता. त्यानं भोवती नजर फिरवली, शेजारच्या माणसाच्या कानाशी लागला, मोबाइल बघितला. थोडी कुजबुज झाली. दोन-तीन पुरुष उठून पुढे गेले आणि पुन्हा मोजामोज झाली.

"माफ करा," तरुण म्हणाला. "अबू धाबीची मंडळी धुक्यात अडकलीत. आम्ही नऊच आहोत. कद्दीश म्हणता येणार नाही. त्याऐवजी स्तोत्र वाचू."

म्हातारीनं मांडीवरचा रुमाल उलगडला आणि पुन्हा घडी घातला.

हमदुल्लानं हनोखला कोपरानं हलकेच ढोसलं. "क्या रुका है?"

"एक आदमी कम है."

"किसलिए?"

"दुआ के लिए. दस चाहिए."

"इतने लोग तो बैठे हैं. किसी को भी खड़ा कर लो."

"किसी को भी नहीं चलता," हनोख म्हणाला. "उनका ही होना चाहिए."

'उनका' हा शब्द हनोखच्या तोंडातून गेला. पंचवीस वर्षं त्यानं कुणाला काही सांगितलं नव्हतं, पण इतक्या उघडपणे स्वतःला बाजूला काढलंही नव्हतं. आणि कुठे, तर या दगडापुढे. पुढे तरुण पुस्तकाची पानं चाळत होता. हनोखनं हातातला स्क्रूड्रायव्हर शिडीच्या पायरीवर ठेवला आणि खुर्च्यांच्या मधून चालत गेला.

"सर, मी उभा राहतो," तो इंग्रजीत म्हणाला.

तरुणानं त्याच्या युनिफॉर्मकडे पाहिलं आणि तो सौजन्यानं हसला. "थँक यू, ब्रदर. तुम्ही विचारलंत हेच खूप आहे. पण आमचा नियम असा आहे की—"

"मला नियम माहीत आहे. मी ज्यू आहे."

आवाज इतका कोरडा पडला होता की कुणाला ऐकू गेलं नाही. त्याला पुन्हा सांगावं लागलं. एका सुटातल्या माणसानं भुवया चढवून विचारलं, "तुम्ही कुठले?"

"इंडिया. अलिबाग."

"आई ज्यू?" ज्यू असणं आईकडून येतं, म्हणून त्यानं विचारलं.

"आई, आजी, पणजी. सगळ्या."

तरुणानं मात्र आणखी काही विचारलं नाही, फक्त नाव विचारलं. हनोखनं बापाच्या नावासकट पूर्ण नाव सांगितलं, सिनेगॉगमध्ये पुकारतात तसं. हनोख बेन शेलोमो. कित्येक वर्षांत ते नाव त्यानं स्वतःच्या तोंडानं उच्चारलं नव्हतं. डोक्यावर टोपी हवी, तर कंपनीची निळी टोपी होतीच. तरुणानं त्याला हाताला धरून ओळीत उभं केलं.

कद्दीश सुरू झाला. पहिले शब्द हनोखला येत होते. मग चाल वेगळी निघाली. अलिबागची चाल संथ आणि शेवटी वर जाणारी, इथले लोक भराभर सपाट म्हणत होते. मधे तो अडखळला, एक ओळ पार विसरला, नुसते ओठ हलवत राहिला. तरुणाच्या ते लक्षात आलं. तो जरा हळू झाला आणि हनोखला पुन्हा धागा सापडला. साठ लाखांसाठी ही प्रार्थना चालली आहे हे त्याला माहीत होतं. समोर तो दगड होता, बाजूला मुलांचे चेहरे होते. तरी त्याच्या मनात एकच घर होतं. गॅसवरचा चहा, उघडं दार, शेजारणीची धावपळ. त्याला लाज वाटली आणि रडूही आलं. रडणं त्यानं गिळलं, शब्द सोडले नाहीत. शेवटचं 'आमेन' सगळ्या दालनानं म्हटलं.

कार्यक्रम संपल्यावर लोकांनी त्याच्याभोवती गर्दी केली. भारतात ज्यू कधी आले, किती आहेत, घरी कोणती भाषा बोलता? त्यानं जमतील तशी उत्तरं दिली. गर्दी पांगल्यावर म्हातारीनं काठी वर करून त्याला जवळ बोलावलं.

"तुम्ही कुणासाठी म्हटलात?" तिनं विचारलं.

खोटं बोलावंसं हनोखला वाटलं नाही. "माय वाइफ."

"तिचे लोक तिकडचे होते? युरोपातले?"

"नाही. अलिबागची. घरीच गेली, हार्ट अटॅकनं." मग तो म्हणाला, "सॉरी. ही जागा त्यासाठी नव्हती. पण मला दुसरीकडे कुठे म्हणता आला नाही."

"माझ्या आईची धाकटी बहीण," म्हातारी म्हणाली. "इलोना. एकोणीस वर्षांची. ती कोणत्या दिवशी गेली हे कुणालाच माहीत नाही, म्हणून आम्ही तिच्यासाठी हाच दिवस धरतो. तुमच्या बायकोचा दिवस तुम्हाला ठाऊक आहे. त्या दिवशी म्हणा तिच्यासाठी. आणि या दिवशी इलोनासाठी म्हणा. मी पुढच्या वर्षी येईनच असं नाही."

"म्हणेन," हनोख म्हणाला.

तिनं त्याचा हात क्षणभर धरला, मग तिची मुलगी गाडी आल्याचं सांगत आली आणि ती गेली.

हनोख मागे वळला तेव्हा भिंतीजवळ शिडी नव्हती. बादलीही नव्हती. बाहेर व्हॅनवर शिडी बांधून झाली होती आणि हमदुल्ला स्टीअरिंगवर हात ठेवून समोर बघत बसला होता. हनोख शेजारी बसला. गाडी निघाली. रास अल खोरचा पूल आला.

"कब से?" हमदुल्लानं विचारलं.

"क्या कब से?"

"यहूदी."

"पैदाइश से," हनोख म्हणाला. हमदुल्ला हसला नाही.

"मुझसे डर था?"

"पहले सब से था. फिर नहीं रहा. पर तब तक इतने साल हो गए थे... कैसे बताता?"

हमदुल्लानं मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही. थोड्या वेळानं तो म्हणाला, "वहाँ उस बुढ़िया को तूने वाइफ़ बोला. हार्ट बोला. इतनी अंग्रेज़ी मैं समझता हूँ."

हनोखनं डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

"भाभी कब गई?"

"दो साल हुए."

हमदुल्लानं गाडी कडेला घेतली. वर्कशॉपांची रांग सुरू होते तिथे, टायरच्या ढिगाशेजारी. इंजिन बंद केलं. बोलला तेव्हा आवाज चढलेला नव्हता, आणि त्यामुळेच हनोखला ते ऐकणं जड गेलं.

"हर जुमे को मैं पूछता था, भाभी कैसी है. तू बोलता था ठीक है. मैं उसके लिए सेहत की दुआ करता था, झिराड भाई. मरी हुई औरत के लिए. मेरी माँ मरी तब तू तीन दिन काम पर नहीं गया. मेरे पास बैठा. रोटी तूने लाकर खिलाई. खिलाई कि नहीं?"

"खिलाई."

"और अपनी बारी में मुझे बैठने नहीं दिया. तू यहूदी है, वो तेरा और तेरे अल्लाह का मामला है. मैं कौन? पर ये वाला मामला मेरा भी था."

एजंटाचं सांगणं, चर्च, मेणबत्ती, सगळं हनोखच्या मनात येऊन गेलं. यातलं काहीही सांगितलं तरी ती कारणंच ठरली असती. तो नुसता म्हणाला, "ग़लती हो गई."

"यल्ला," हमदुल्ला म्हणाला आणि त्यानं गाडी सुरू केली.

संध्याकाळी हनोखनं शेरलीला सगळं सांगितलं. ती फोनवर रडली. "पप्पा, आता या ना इकडे. कुणासाठी राहताय तिथे?" मागून नातू हिब्रूत काहीतरी ओरडत होता. ते हनोखला समजलं नाही आणि शेरलीनंही सांगितलं नाही. "बघू," तो म्हणाला. अश्दोदला तो एकदा गेला होता. सकाळी सगळी कामाला निघून जात, आणि हा बाल्कनीत बसून दुपारची वाट बघायचा. इथे निदान कामाचे फोन तरी येत.

हमदुल्लानं कुणाला काही सांगितलं नाही. भांडणही केलं नाही. सकाळी चहाचे दोन कप तोच आणायचा, एक हनोखच्या उशाशी ठेवायचा. पण बोलणं कामापुरतं राहिलं. कुठला पत्ता, कुठला पार्ट, किती वाजता निघायचं. शुक्रवारी नमाजाहून यायचा आणि काही न विचारता आडवा व्हायचा. अठरा वर्षं तो प्रश्न हनोख नीट ऐकतही नसे. आता शुक्रवारची दुपार त्याला खायला उठू लागली. महिन्याभरात कंपनीला अबू धाबीजवळ मुसफ्फाकडे मोठं काम मिळालं, ड्रायव्हर हवा होता. हमदुल्लानं आपणहून नाव दिलं. जाताना त्यानं हनोखशी हात मिळवला, गादीची वळकटी खांद्यावर टाकली आणि "पहुँच के फोन करूँगा" म्हणून गेला.

त्या दाढीवाल्या तरुणानं हनोखचा नंबर घेतला होता. शनिवारच्या प्रार्थनेला दहा पुरे होत नसले की आदल्या दिवशी त्याचा मेसेज येई, आणि वर्कशॉपला रजा मिळाली तर हनोख मेट्रोनं जाई. लोक चांगले होते. खुर्ची देत, आपल्याकडचं खायला घालत. पण गप्पा हिऱ्यांच्या, जागांच्या, लंडन-न्यूयॉर्कच्या. हनोख मागच्या बाजूला बसे, पुस्तकातली ओळ बोटानं धरून. मोझेलच्या वर्षदिनाला त्या लोकांनी दहा माणसं आवर्जून जमवली आणि त्यानं कद्दीश म्हटला, या खेपेला न अडखळता. संपल्यावर, सांत्वनाची रीत म्हणून, सगळ्यांनी त्याला 'लाँग लाइफ' म्हटलं. मोझेलला त्यांच्यातल्या कुणीही पाहिलं नव्हतं. मेट्रोत परत येताना त्याला वाटलं, म्हणायचं ते म्हणून झालं, पण सांगायचं ते कुणाला?

खोलीवर आल्यावर त्यानं हमदुल्लाला फोन लावला. इकडचं तिकडचं झालं. मुसफ्फाची मेस वाईट आहे, हमदुल्ला म्हणाला, भातात खडे असतात.

"हमदुल्ला," हनोख म्हणाला, "उसका नाम मोझेल था."

"किसका?"

"मेरी बीवी का. आज उसका दिन है."

पलीकडे कुणाचा तरी टीव्ही चालू होता. हमदुल्ला तिथून उठून बाहेर आला असावा, कारण आवाज मागे पडला. "मोझेल," त्यानं नाव उच्चारून पाहिलं. मग ते नेहमीचं पुटपुटला, पुरतं, सावकाश. "कैसी थी?" त्यानं विचारलं.

हनोख सांगत बसला. हसली की डोळे बारीक व्हायचे, मासळीवालीशी भांडायची आणि तिलाच चहा पाजायची, एवढंसं काहीबाही. हमदुल्ला 'हूँ, हूँ' करत होता. फोन ठेवताना पुन्हा कधी भेटायचं असं दोघंही बोलले नाहीत. अबू धाबी म्हटलं तर दोन तासांवर होतं, पण ज्याच्या त्याच्या सुट्टीचा वार वेगळा होता.

पुढच्या आठवड्यात रिकाम्या कॉटवर नवा माणूस आला. केरू नाव, महाडच्या आतल्या एका गावचा, आयुष्यात पहिल्यांदाच देशाबाहेर पडलेला. त्यानं ट्रंक कॉटखाली सरकवली, भिंतीवर गणपतीचं कॅलेंडर लावलं आणि विचारलं, "काका, खालची पोरं म्हणत होती तुम्ही ख्रिश्चन म्हणून?"

"नाही," हनोख म्हणाला. "बेने इस्रायल."

"म्हणजे?"

"ज्यू. कोकणातले. तेलाचे घाणे असायचे आमचे. शनिवारी बंद ठेवायचो म्हणून 'शनिवार तेली' म्हणायचे."

"अरे हां, शनिवार तेली." केरूचा चेहरा ओळखीनं उजळला. "आमच्या गावात होती की त्यांची दोन घरं. माझा आजा सांगायचा. आता कोण नाय. गेली सगळी."

"हो, गेली," हनोख म्हणाला.

"चांगली माणसं होती म्हणे." केरूनं खोलीभर नजर फिरवली. एसीचा वारा थेट त्याच्या कॉटवर येत होता. "काका, हे जरा कमी करता येतं का? मला सवय नाय."

हनोख उठला आणि त्यानं एसीची पाती वर वळवून दिली.